अंदमानचं सेल्युलर जेल: दुरुस्तीनंतर जुनं काय उरलंय? आप्पांना घेऊन जायचंय

अमळनेरकर

राम राम मंडळी.

दिवाळीनंतर वडिलांना अंदमानला न्यायचा विचार आहे. आप्पा एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी चोपडा, यावल, पारोळा याच रस्त्यांवर गेली. शेगाव-पंढरपूर सोडलं तर फिरणं असं झालंच नाही. मी विचारलं, काशीला जायचं की रामेश्वरला? तर म्हणाले, "माले ते काळापानीनं जेल दखाड." दुसरं काही नको म्हणतात.

सोबत बायको आणि आठवीतली मुलगी असेल. आप्पांचे गुडघे दुखतात. सपाटीवर चालतात, पण जिना चढताना कठडा धरावा लागतो.

माझा चुलतभाऊ कंपनीच्या सहलीत तिकडे जाऊन आला. त्याचं म्हणणं, सगळं रंगवून, हिरवळ लावून चकाचक केलंय, जुनं काही उरलेलं नाही, अर्ध्या तासात बघून होतं आणि बाकीचे दिवस समुद्रावर घालवायचे. आप्पांनी इतकी वर्षं मनात धरलेली जागा अर्ध्या तासात संपली तर मला वाईट वाटेल. खरंच तसं आहे का? नीट बघायचं तर काय बघायचं, किती वेळ ठेवायचा? आणि आपल्याकडून जायला सोपा रस्ता कोणता?

भुसावळ_यार्ड

रस्त्याचं मी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

तुम्हाला सगळ्यात सोयीची नवजीवन एक्सप्रेस. अहमदाबादहून निघून नंदुरबार, जळगाव, भुसावळ करत थेट चेन्नईला जाते. जळगावला बसलात की साधारण एक दिवसाचा प्रवास. चेन्नईहून विमान दोन-सव्वादोन तासांत पोचवतं. कोलकात्याकडून जायचं तर भुसावळहून गीतांजली किंवा हावडा मेल आहे, विमानाचा वेळ जवळपास तेवढाच. ज्येष्ठ माणूस सोबत आहे तर गाडीतून उतरून लगेच विमान पकडायच्या भानगडीत पडू नका. चेन्नईत एक मुक्काम ठेवा. गाडी उशिरा आली तरी जीव टांगणीला लागत नाही, आणि तिकडची बरीच विमानं सकाळचीच असतात.

जहाजही जातं चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून. पण तीन दिवस लागतात. आप्पांना नेऊ नका त्यातून.

पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय. तिकिटावर कधी जुनं दिसेल, कधी नवं. गोंधळू नका, विमानतळ तोच, वीर सावरकरांच्या नावाचा.

अजून एक. तिकडे सूर्य लवकर मावळतो. नोव्हेंबर-डिसेंबरात पाच-साडेपाचला अंधार पडतो. आपल्याकडच्या हिशेबाने "चार वाजता निघू" म्हणाल तर दिवस गेलाच.

शिरपूरच्या बाई

भाऊ, मी आश्रमशाळेत इतिहास शिकवायची. आता निवृत्त आहे. निवृत्तीनंतर आम्ही काही शिक्षिका मिळून अंदमानला गेलो होतो, म्हणून लिहिते. थोडं लांबेल, पण आप्पांसाठी वाचा.

तुमच्या चुलतभावाने डोळ्यांना दिसलं ते सांगितलं. रंग ताजा असतो, हिरवळ कापलेली असते, फुलझाडं असतात, खरं आहे. पण तिथला छळ भिंती कशा उभ्या केल्या त्यातच होता, आणि ती बांधणी कोणी बदललेली नाही. ती कशी बघायची ते आधी समजून घेतलं तर अर्धा दिवसही पुरत नाही.

१८९६ ते १९०६ ही दहा वर्षं हे जेल बांधायला लागली, आणि बांधलं ते कैद्यांनीच. मध्ये एक मनोरा, आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या त्यातून निघालेल्या तीन मजली सात इमारती. मनोऱ्यात एक पहारेकरी उभा राहिला की सगळे व्हरांडे त्याच्या नजरेत. आता तुम्ही दुसऱ्या किंवा तिसऱ्या मजल्यावर उभे राहा आणि समोर बघा. समोरच्या इमारतीची पाठ दिसेल. प्रत्येक इमारतीचं तोंड शेजारच्या इमारतीच्या पाठीकडे आहे. म्हणजे दाराशी उभ्या राहिलेल्या कैद्याला समोर दुसरा माणूस कधी दिसायचाच नाही. दिसायच्या त्या फक्त भिंतीतल्या उंच झरोक्यांच्या रांगा. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कठड्याला धरून बराच वेळ तशीच उभी होते. कोणीतरी कागदावर बसून, पट्टी घेऊन हे आखलं होतं.

कोठडी साधारण पंधरा फूट लांब आणि नऊ फूट रुंद. एका कोठडीत एकच माणूस. झरोका दहा फुटांवर, त्यातून आभाळाचा तुकडा सोडून काही दिसत नाही. मुलीला एका कोठडीत उभं करा आणि गजांमधून हात काढून कडीपर्यंत पोचायला सांगा. नाही पोचत. दाराची कडी लांबवर नेऊन भिंतीत केलेल्या खोबणीत अडकवली आहे, कुलूप तिथे लागतं. आतल्या माणसाचा हात तिथवर जाऊच नये असं ते अंतर ठेवलंय. खोबण तीच आहे, भिंत तीच आहे. वर रंगाचे कितीही हात दिले तरी ती खोबण बुजत नाही.

मला तिथे सारखी आपल्या धुळ्याच्या जेलची आठवण होत होती. १९३२ मध्ये विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. फेब्रुवारी ते जून दर रविवारी त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली, अठरा अध्यायांची अठरा, आणि साने गुरुजींनी ती तिथेच बसून उतरवून घेतली. तेही ब्रिटिशांचंच जेल होतं, तिथेही माणसं शिक्षा भोगत होती. पण माणसं एकत्र बसत होती, एक बोलत होता आणि बाकीचे ऐकत होते. त्याच १९३२ साली सरकारने क्रांतिकारकांना पुन्हा अंदमानला पाठवायला सुरुवात केली. तिथली इमारत अशी की दोन माणसांनी एकमेकांशी बोलायचं तरी कसं! आप्पांना हे सांगा. अमळनेरच्या माणसाला साने गुरुजी सांगावे लागत नाहीत, त्यांना हा फरक लगेच कळेल.

आणि तरी ती माणसं हरली नाहीत, हेही सांगा. मे १९३३ मध्ये राजबंद्यांनी उपोषण सुरू केलं. नाकात नळी घालून बळजबरीने दूध ओतण्याच्या प्रकारात महावीर सिंग, मोहन किशोर नामदास आणि मोहित मोइत्र हे तिघे गेले. पण ४६ दिवसांनी सरकारला नमावं लागलं. दिवा मिळाला, पुस्तकं मिळाली, एकमेकांना भेटता येऊ लागलं. मग त्याच कोठड्यांच्या व्हरांड्यांत अभ्यासवर्ग सुरू झाले. १९३७ मध्ये पुन्हा उपोषण झालं, त्यानंतर १९३८ च्या जानेवारीपर्यंत सगळ्या राजबंद्यांना परत देशात आणावं लागलं. तीन हुतात्म्यांचे पुतळे समोरच्या बागेत आहेत. सहलीतले लोक तिथे फोटो काढून निघून जातात. तुम्ही मुलीला नावं वाचायला लावा.

आता जुनं किती उरलंय ते. सातपैकी तीनच इमारती उभ्या आहेत, आणि मनोरा. १९४१ च्या जूनमध्ये मोठा भूकंप झाला, मग १९४२ ते १९४५ जपानी होते. त्या काळात दोन इमारती गेल्या. स्वातंत्र्यानंतर आणखी दोन आपणच पाडल्या. त्या जागी आज गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आहे. मला याचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. मग व्हरांड्याच्या तुटक्या टोकाशी उभी राहून मी पलीकडे रुग्णालयात डबा घेऊन जाणारी माणसं बघितली आणि तो राग थोडा निवला. बेटावरच्या माणसांनाही दवाखाना हवाच होता. पण दुसरीकडे जागा नव्हती का, हा प्रश्न राहतोच. बाकीचंही पाडलं गेलं असतं. तिथे शिक्षा भोगून आलेल्या माजी राजबंद्यांनी विरोध केला, पाठपुरावा केला, म्हणून एवढं तरी वाचलं. ११ फेब्रुवारी १९७९ ला पंतप्रधान मोरारजी देसाईंनी ते राष्ट्रीय स्मारक म्हणून देशाला अर्पण केलं.

आप्पांच्या गुडघ्यांचं. तळमजल्यावरच पुष्कळ आहे. अंगण, कामाची शेड, फाशीघर, फोटोंचं दालन, आणि खालच्या कोठड्याही. शेडमध्ये कोलू आहे. एका माणसाने दिवसाला ३० पौंड खोबरेल तेल काढायचं, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर. आपल्याकडे घाण्याला बैल जुंपायचे, आप्पांनी बघितलेलं असणार. तो घाणा माणसाकडून ओढून घेत. नारळाच्या काथ्या कुटून दोर वळणं हे दुसरं काम. काम अपुरं राहिलं की बेड्या, चाबूक, उभं टांगणं. १९१२ मध्ये इंदुभूषण राय यांनी कोठडीतच गळफास घेतला. उल्हासकर दत्तांचं मानसिक संतुलन ढळलं. जेलर होता डेव्हिड बॅरी.

जिना चढता आला तर दोनच गोष्टींसाठी चढा. एक, तिसऱ्या मजल्यावरच्या टोकाची सावरकरांची कोठडी. ४ जुलै १९११ ला त्यांना तिथे आणलं. त्यांचे थोरले बंधू बाबाराव आधीपासून त्याच जेलमध्ये होते आणि कितीतरी दिवस दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. बांधणीबद्दल मी वर लिहिलं ते या एका गोष्टीवरून आप्पांना पटेल. दुसरं, मनोऱ्यातल्या संगमरवरी पाट्या. प्रांतवार नावं कोरलेली आहेत. बंगालची यादी संपता संपत नाही. आपल्याकडची थोडी आहेत. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या खुनाच्या प्रकरणातले वामनराव जोशीही तिथे होते, त्यांचं नाव आजकाल कोण घेतं? तिथे घाई करू नका.

सकाळी उघडल्या उघडल्या जा. दहानंतर सहलींच्या बसेस येतात आणि गाइड मोठ्याने बोलायला लागतात. सुट्टीचे दिवस आणि वेळा बदलत असतात, तेवढं आदल्या दिवशी हॉटेलात विचारून घ्या.

अमळनेरकर

बाई, तुमचा मजकूर आप्पांना मोठ्याने वाचून दाखवला. घाण्याचं ऐकून ते गप्प झाले. मग म्हणाले, आमच्या गावात तेल्याचा घाणा होता, बैलाचे डोळे बांधायचे, त्यालाही दुपारी सोडायचे.

फाशीघर मुलीला दाखवावं का? तेरा वर्षांची आहे. बायको नको म्हणते.

आणि रॉस बेट, व्हायपर बेट ही नावं गाइडच्या यादीत आहेत. तीही बघावीत की पैसे उकळायचे धंदे?

शिरपूरच्या बाई

फाशीघराचं आईचं ऐका. तिथे तीन दोर लटकवलेले आहेत, खाली खोली आहे. काही मुलं सहज बघतात, काहींना रात्री झोप लागत नाही. तुमची मुलगी कशी आहे ते आईला जास्त माहीत. तिला बाहेर थांबवा, समोरच अंगण आहे. कडी आणि कोलू तिने बघितलं तरी पुष्कळ.

रॉस आणि व्हायपर दोन्ही बघाच. सेल्युलर जेल म्हणजेच काळं पाणी अशी आपल्याकडे समजूत आहे. शाळेत मी स्वतः तेवढंच शिकवायची, कारण पाठ्यपुस्तकात तेवढंच होतं. पण जेल पुरं झालं १९०६ ला, आणि कैद्यांची वसाहत सुरू झाली १८५८ ला. १० मार्च १८५८ रोजी डॉक्टर जेम्स पॅटिसन वॉकर २०० कैदी घेऊन चॅथम बेटाशी उतरला. सत्तावनच्या उठावातली माणसं होती ती. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं तिथे ही इमारतच नव्हती. जंगल होतं, दलदल होती, हिवताप होता आणि पायात बेड्या. पहिल्या काही महिन्यांतच कितीतरी कैदी पळून जंगलात शिरले. जे परत सापडले त्यांतल्या ऐंशीहून जास्त जणांना वॉकरने एका दिवसात फासावर चढवलं.

या तारखेपाशी मी नेहमी थांबते. वॉकर चॅथमला उतरला त्याच्या पुढच्याच महिन्यात, ११ एप्रिल १८५८ ला, आपल्या सातपुड्यात आंबापाण्याची लढाई झाली. खाज्या नाईक, भीमा नाईक यांची भिल्ल माणसं तिथे इंग्रजी फौजेशी लढली, बायाही सोबत होत्या. माझ्या वर्गातल्या मुलांची आडनावं त्याच डोंगरातली. त्यांना अंदमान शिकवताना मी फळ्यावर या दोन तारखा शेजारी शेजारी लिहायची. मग मुलं विचारायची, बाई, ते आपलेच का? तिथून पुढे वर्ग जागा व्हायचा.

व्हायपर बेटावर सेल्युलरच्या आधीचं जेल होतं, साखळीने एकमेकांना बांधलेल्या कैद्यांचं. टेकडीवर फाशीची लाल विटांची इमारत आहे, तीच नीट उरली आहे आणि तिची देखभाल होते. शेर अली आफ्रिदीला तिथेच ११ मार्च १८७२ ला फाशी दिलं. त्याने फेब्रुवारीत खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला होपटाउनच्या धक्क्यावर सुऱ्याने मारलं होतं. भारतात मारला गेलेला व्हाइसरॉय तो एकच. बोट थोडाच वेळ थांबते आणि चढ आहे, आप्पा खाली बसले तरी चालेल.

रॉस बेटाचं नाव २०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. तिथे साहेबांची वस्ती होती. चीफ कमिशनरचा बंगला, चर्च, नाचघर, छापखाना, पाव भाजायची बेकरी. समोरच्या किनाऱ्यावर कैदी मरत होते आणि इकडे टेनिस चालायचा. आता त्या भिंतींवर झाडांची मुळं अशी चढली आहेत की मुळं काढली तर भिंत पडेल. तिथे रंगरंगोटी फारशी नाही, मोडकं आहे तसं ठेवलंय. तुमच्या चुलतभावाला "जुनं" हवं असेल तर ते तिथे आहे. पण मोडकं म्हणजेच खरं असंही नाही. रॉसवर हरणं फिरतात, थंडगार सावली आहे, माणूस फोटो काढत रमतो आणि ही कैद्यांच्या हातांनी उभी राहिलेली वस्ती आहे हे विसरून जातो. चालायला त्रास होणाऱ्यांसाठी बॅटरीवरची गाडी असते, उतरल्यावर आधी तिची चौकशी करा.

मुक्ताईनगर_७१

बाई, तुमचा अभ्यास मोठा आहे, मान आहे. पण एक खटकलं. अंदमानला आपण जातो ते क्रांतिकारकांना नमस्कार करायला. व्हायपरवरचे, चॅथमवरचे बाकीचे कैदी म्हणजे खुनी, दरोडेखोर. त्यांना आणि देशासाठी गेलेल्यांना एका ओळीत का बसवायचं? आप्पांसारख्या माणसाला श्रद्धेने दर्शन घेऊ द्या. फार इतिहास सांगितला की भाव उडून जातो.

शिरपूरच्या बाई

भाऊ, एका ओळीत बसवत नाही. क्रांतिकारकांच्या कोठडीसमोर मी चप्पल काढून उभी राहिले, तुमच्यासारखीच. पण ती कोठडी बांधली कोणी? त्याच बाकीच्या कैद्यांनी. झाडं तोडली त्यांनी, दगड फोडले त्यांनी, धक्के बांधले त्यांनी. एकोणिसशेच्या सुमारास तिथे १२,००० च्या आसपास कैदी होते. सावरकरांच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर क्रमांक होता ३२७७८. त्या क्रमांकाच्या अलीकडच्या माणसांचा कोणी विचारच करायचा नाही का?

त्यांत खुनी होते, दरोडेखोर होते, नाकारत नाही. पण दुष्काळात सावकाराचं घर फोडलेलाही दरोडेखोरच लिहिला जायचा. बाया होत्या. कितीतरी जणींवर स्वतःचं तान्हं मूल मारल्याचा गुन्हा होता, त्यांत विधवा होत्या. गावाने कोणत्या कोपऱ्यात ढकललं होतं त्यांना, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. अशा बायांना काही वर्षांनी वसाहतीतल्या कैद्याशी लग्न करू द्यायचे, जमिनीचा तुकडा द्यायचे. त्यांची लेकरं, नातवंडं आज तिथे आहेत, लोकल बॉर्न म्हणवतात. आमच्या गाडीचा चालक त्यांच्यातलाच होता. मी विचारलं, मूळ गाव कोणतं? म्हणाला, पणजोबा कुठल्या तरी जिल्ह्यातून आले, पणजी दुसऱ्या प्रांतातली, भाषाही वेगळी, जातही वेगळी, घरात हिंदीच बोलतो. आणि मग अगदी सरळ म्हणाला, आमचं गाव हेच. ज्याच्या घराण्याची सुरुवातच त्या जहाजातून झाली त्याच्यासमोर मी "ते सगळे दरोडेखोर" असं कसं म्हणू?

जपान्यांच्या काळात याच जेलमध्ये बेटावरच्या साध्या माणसांना हेरगिरीच्या संशयावरून डांबलं, मारलं. डॉक्टर दिवाण सिंग कालेपाणी १४ जानेवारी १९४४ ला तिथेच छळाने गेले. ३० जानेवारीला होमफ्रेगंज इथे ४४ जणांना गोळ्या घातल्या. इंग्रज निघून गेले होते तरी इमारत आपलं काम करतच होती. सहलीत हे कोणी सांगत नाही.

भाव उडत नाही हो यानं. आप्पांना सांगून बघा.

वाडा_दुरुस्ती_पारोळा

मी जुने वाडे आणि देवळं दुरुस्त करायची कामं घेतो, चुन्यातली. मूळ प्रश्न दुरुस्तीचा होता म्हणून दोन शब्द.

अंदमानात समुद्राची खारी हवा आणि वर्षातले सात-आठ महिने पाऊस. असल्या हवेत भिंत उघडी ठेवली तर ती टिकत नाही. खार विटेत शिरतो, सुकताना वीट आतून फोडतो, गज गंजून फुगतात आणि चौकटीचा दगड तडकवतात. म्हणून रंग आणि गिलावा हा नुसता देखावा समजू नका, तो भिंतीचा अंगरखा आहे. दर काही वर्षांनी बदलावाच लागतो. इंग्रजांच्या काळातही पावसाळ्यानंतर चुना मारत असणारच. तेव्हा "रंगवलं म्हणून खोटं झालं" हे मला पटत नाही.

मात्र कशाने दुरुस्त केलं ते बघा. जुना गिलावा चुन्याचा, त्या बेटांवर प्रवाळ भाजून चुना करत. चुना श्वास घेतो, ओल बाहेर जाऊ देतो. त्यावर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि खालची वीट भुसभुशीत होते. आपल्याकडे एका वाड्यात मालकाने हौसेने सिमेंट मारून घेतलं, पाच-सहा वर्षांत अख्खी भिंत पोटातून गेली. तुम्ही जाल तेव्हा खालच्या दोन-तीन फुटांत बघा. जिथे रंग पापुद्र्यांनी सुटलाय आणि सिमेंटसारखा घट्ट करडा थर दिसतो ती अलीकडची डागडुजी. जिथे पांढरट, मऊ, नखाने कण सुटेल असं दिसतं तो जुना चुना. नखाने खरवडून बघू नका, नुसतं बघा. कठड्याच्या आतल्या बाजूला, जिथे पाऊस पोचत नाही, तिथे जुनं काम जास्त टिकलेलं असतं. मुलीला हे शोधायला लावलं तर तिला वेळ कसा गेला कळणार नाही.

अमळनेरकर

सगळ्यांचे आभार. नवजीवनची तिकिटं काढली, चेन्नईला एक रात्र मुक्काम ठेवला आहे. जेलसाठी पूर्ण दिवस, रॉस आणि व्हायपरला दुसरा. चुलतभावाला हे सगळं पाठवलं. तो म्हणतो, आम्हाला गाइडने थेट सावरकरांच्या कोठडीपाशी नेलं आणि खाली आणलं, कडीचं कोणी बोललंच नाही.

आप्पांनी आता वेगळंच काढलंय. त्यांना मनोऱ्यातल्या पाट्यांवरची नावं वहीत उतरवून घ्यायची आहेत. सगळी नाही, आपल्या प्रांताची तरी. नोकरीत तिकिटांचा हिशेब लिहायचे तसं लिहीन म्हणतात. जिना चढायचाच असं त्यांनी ठरवलंय. तिथे बसायला काही मिळतं का? आणि संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम त्यांना झेपेल का?

शिरपूरच्या बाई

वहीची कल्पना फार आवडली. पाट्यांपाशी बसायला काही असेल या भरवशावर जाऊ नका. घडीचं हलकं स्टूल मिळतं ना, ते सोबत न्या, आत नेऊ देतात का ते दारावर विचारा. म्हातारं माणूस सोबत आहे म्हटलं की तिथले कर्मचारी चांगले वागतात असा आमचा अनुभव. जिना सकाळीच, पाय ताजे असताना चढवा. मध्ये एका मजल्यावर थांबून समोरच्या इमारतीची पाठ दाखवा म्हणजे दमही घेतला जाईल. पाट्या चकचकीत आहेत, उजेड पडला की अक्षरं वाचता येत नाहीत. मुलीला वाचून दाखवू दे, आप्पा लिहितील.

ध्वनिप्रकाश कार्यक्रम अंगणात उघड्यावर असतो. जेलच्या आवारातला जुना पिंपळ बोलतो आहे अशी मांडणी आहे. हिंदीतला खेळ कोणत्या वेळेचा ते आधी विचारा, नाहीतर इंग्रजीच्या खेळाला जाऊन बसाल. बसून बघायचा असतो, आप्पांना जमेल. तिकीट आधी काढून ठेवा, गर्दीच्या दिवसांत संपतात. दिवाळीनंतरही तिकडे अचानक सर येते, तेव्हा छत्री जवळ असू द्या, आणि डासांसाठी पायांना लावायचं मलम.

वही भरली की नाशिककडची नावं आधी मला पाठवा. वामनराव जोशींच्या आसपास कोण कोण आहे ते मला पुन्हा बघायचंय.